करमाडची ताई

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
९ जून २०२५

चि. संघपाल यास,
अ. आ. व सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडलंस आणि मी फोन ठेवून दिला, तेव्हा फिटंफाट झाली. पण भावंडांचं भांडण कागदावर करायचं, हा आपल्या अण्णांचा नियम. कागद मधे बोलत नाही आणि लिहिताना निम्मा राग उतरतो, असं ते म्हणायचे. माझा उतरतो का ते पत्र संपल्यावर कळेल. हे गोकुळच्या हाती देते आहे. तो करमाडहून रोज आमच्या गल्लीत दूध घालायला येतोच, जाताना तुझ्या माहिती केंद्रावर टाकेल. उत्तरही त्याच्याच हाती दे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या सोनियाला सांग, तिच्या हातचं लिंबाचं लोणचं वाचनालयात नेलं आणि एका दुपारीत बरणी रिकामी झाली. मला घरी एक फोड मिळाली.

आता मुद्द्याचं. ही करमाडची ताई कोण? मी इथलं वाचनालय चालवायला लागले तेव्हा तू शाळेत होतास. करमाड, शेंद्रा, छावणी, कुठकुठल्या बाया माझ्याकडे कागद घेऊन येतात, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. आता त्याच बाया माझ्यासमोर बसून तुझ्या केंद्रातल्या ताईचं कौतुक करतात. लई गोड बोलती म्हणे. एकदा विचारलं तरी सांगती, दहादा विचारलं तरी सांगती, कपाळाला आठी नाय. हे सांगताना त्यांची नजर माझ्या कपाळावर होती.

आणि पारूबाई. दर गुरुवारी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि पिशवीतले कागद एकेक करून माझ्यापुढे ठेवायच्या. महिना झाला, त्या फिरकल्या नाहीत. मला वाटलं आजारी असतील. गोकुळ म्हणाला, कशाच्या आजारी, रोज तुझ्याकडेच बसलेल्या असतात.

तू म्हणशील ताईला मत्सर वाटतो. वाटतो. लपवून काय करू? तू कुणी शिकलेली, गोड गळ्याची मुलगी पगारावर ठेवली असशील तर तसं सांग. बहिणीला निदान नाव कळावं.

लोभ आहे, तूर्त सोनियाच्या लोणच्याइतका आंबट आहे. तुझ्या उत्तरानं तो मुरावा.

तुझी
विशाखाताई


करमाड
१२ जून २०२५

आ. ताईस,
स. जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. सोनियानं ते माझ्याआधी वाचलं आणि दिवसभर हसत होती. लोणच्याची दुसरी बरणी गोकुळच्या हाती पाठवली आहे. ही वाचनालयात नेऊ नकोस.

करमाडची ताई ही कुणी मुलगी नाही, मशीन आहे. मागच्या दिवाळीला मी शेंद्र्याच्या कंपनीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडली तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस, ती मी ह्याच्यासाठी सोडली. टेबलावर एक पडदा आहे, माइक आहे, लाल बटण आहे. बटण दाबून आपल्या बोलीत विचारायचं, ती बोलून उत्तर देते. लोक एआय एआय म्हणतात ते हेच. बायांनी तिला ताई म्हणायला सुरुवात केली, मी नाही.

तू रागावशील, तरी लिहितो. तुझ्याकडे यायचं म्हणजे पारूबाईंचा रोज बुडतो. आल्यावर तू त्यांना उत्तर देत नाहीस. त्यांचं बोट धरून कागदाच्या ओळीवर ठेवतेस आणि वाचा म्हणतेस. त्यांना साठीत अक्षरं लावायला लावतेस, आणि चुकल्या की तुझ्या कपाळाला आठी पडते. मीही त्या आठीखालीच वाचायला शिकलो, तेव्हा ती मला पाठ आहे. शहरातल्या शिकलेल्या माणसाला घरबसल्या हवं ते कळतं. पारूबाईंना का कळू नये? त्यांना आधी परीक्षा का?

अजून एक. बाया मशीनला काय विचारतात माहीत आहे का? अंगावरून जातं त्याचं विचारतात. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याचं विचारतात. पंचवीस वर्षांत हे तुला कुणी विचारलं होतं का, खरं सांग.

लहान भावाचं बोलणं मोठ्या मनानं घ्यावं, आणि लोभाची बरणी रिकामी होऊ देऊ नये.

तुझा
संघपाल


उस्मानपुरा
१९ जून २०२५

चि. संघपाल यास,
अ. आ. वि. वि.

मंगळवारी मी करमाडला येऊन गेले. तू सामान आणायला शहरात आला होतास, म्हणजे वाटेत आपण एकमेकांना ओलांडलं. सोनियाला मीच शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नकोस.

डोक्यावरून पदर घेऊन मी बाकावर बायांच्या मधे बसले. पुढे रेशनकार्डात सुनेचं नाव घालायला आलेली एक म्हातारी होती. तिनं बटण दाबून विचारलं, आणि मशीन बोललं. बरं का बाई, नीट ऐका, असं म्हणून सुरुवात केली. संघपाल, ती मी होते. माझा आवाज, माझं बरं का बाई, वाक्याच्या शेवटी मी जरा थांबते तेसुद्धा. घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधीची मी. हा आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता. मला वाटलं होतं तो डॉक्टरांनी गाठीबरोबर काढून टाकला.

त्यानंतरच्या बाईनं खाली मान घालून, अगदी हळू, नवऱ्याच्या मारण्याचं विचारलं. मशीननं तिला किती मायेनं सांगितलं. कुठं जायचं, कुणाला फोन करायचा, तुमची काही चूक नाही बाई. आजूबाजूच्या बाया पुढं झुकून ऐकत होत्या. पूर्वी माझ्याभोवती झुकायच्या तशा. आता माझ्यासमोर बसतात त्या मागं सरून बसतात, माझा घोगरा आवाज त्यांना ऐकू येत नाही आणि परत विचारायचं धाडस होत नाही.

मग माझा नंबर आला. मी काहीबाही विचारलं. तर मशीन म्हणालं की तुमचा आवाज नीट कळला नाही, जरा मोठ्यानं सांगाल का. माझ्याच आवाजात, मला. मी उठून बाहेर आले.

तुला सांगते, आयुष्यात मला कुठल्या बाईचा इतका मत्सर वाटला नाही. आपल्या चुलत बहिणी गोऱ्या होत्या, मैत्रिणी प्राध्यापक झाल्या, तेव्हाही नाही. ह्या बयेनं माझं चांगलं तेवढं उचललं आणि चिडका स्वभाव, दुखरे गुडघे, फाटका गळा माझ्याकडे ठेवून दिला. माझ्यापेक्षा ती बरी विशाखाताई आहे, आणि हे मला एकटीला नाही, करमाडभर ठाऊक आहे.

लॉकडाऊनमध्ये मी रोज सकाळी सरकारी सूचना वाचून बायांना मोबाइलवर पाठवायचे, ते सगळं तू जपून ठेवलंस आणि त्यातून हा आवाज घडवलास, असं सोनिया म्हणाली. मला विचारलं नाहीस. माझ्या कपाटातलं पुस्तक न्यायचं तरी तू विचारून नेतोस.

आणि मला सांग, तिच्या बोलण्यावर बोट कुठं ठेवायचं? मी कागद दाखवते, तो खोटा निघाला तर बाई मला कागद दाखवून भांडू शकते. शहरातल्या माणसाला कागदही मिळतो आणि उत्तरही मिळतं. करमाडला नुसता गोड गळा. हा न्याय तुला पटतो का?

माझा आवाज काढून टाक. तो काढलास की लोभाचं बघू.

विशाखा


करमाड
२३ जून २०२५

आ. ताईस,
स. जयभीम वि. वि.

विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

पण कारण तरी ऐक. ऑपरेशननंतर तू पहिल्यांदा बोललीस, पाणी मागितलंस, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो. आई गेल्यावर मला झोपवताना जो आवाज होता तो गेला होता. तुझं जुनं रेकॉर्डिंग मी तेव्हापासून जपतो आहे. त्यातला खोकला काढला, पानांची खसखस काढली, मधेमधे तू थांब, बघून सांगते असं म्हणायचीस ते सगळं काढलं. मशीनला कुठला तरी आवाज द्यायचाच होता. कंपनीकडून आलेला आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा होता, त्याच्याशी पारूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. तुझा दिला आणि त्यांनी पहिल्याच दिवशी पिशवी उघडली.

मशीनला मी वागायचे नियमही अण्णांचेच लिहून दिले आहेत. सगळ्यांशी आदरानं बोलायचं. जात, गाव विचारायचं नाही. आणि दारात आलेल्या कुणालाही रिकामं पाठवायचं नाही. अण्णा असते तर खूश झाले असते असं मला वाटतं.

एवढी विनंती ऐक. सध्या मुलांच्या प्रवेशाची घाई आहे, बायांची रांग लागते. निदान जुलै जाऊ दे, मग तू म्हणशील तसं करतो.

लोभाचं बघू असं लिहिलंस, ते बघताना चष्मा लावू नये ही विनंती.

तुझा
संघपाल


उस्मानपुरा
८ जुलै २०२५

चि. संघपाल यास,
अ. आ. वि. वि.

आज पारूबाई आल्या. गुरुवार नव्हता. बरोबर त्यांची नात श्रेया होती, यंदा दहावी झालेली. वाचनालय भरलेलं असताना पारूबाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ताई, तुमच्या शब्दावर आम्ही बसून राहिलो, पोरीचं वाटोळं झालं.

झालं असं. श्रेयाला शहरातल्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला. राहायला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच पाठवीन, नाहीतर बास झालं शिक्षण, असं तिच्या बापानं, पुंजारामनं सांगितलेलं. पारूबाईंनी तुझ्या मशीनला वसतिगृहाची शेवटची तारीख विचारली. मशीननं पंधरा जुलै सांगितली. आज कागद घेऊन गेल्या तर अर्ज जूनअखेरच बंद झालेले.

मी म्हटलं की मी असं कधी सांगितलंच नाही. त्या म्हणाल्या, म्या माझ्या कानानं ऐकलंय. ते मशीन आहे, असं सांगितलं तर म्हणाल्या, मशीन असंल, पर आवाज तर तुमचाच हाय ना, तुम्ही खोटं कशाला बोलाल? संघपाल, इतकी वर्षं सांभाळलेला माझा शब्द गेला, आणि मी तो उच्चारलासुद्धा नव्हता.

आणि आता जे लिहिते ते फक्त तुला. मशीन चुकलं हे ऐकल्याबरोबर मला आधी आनंद झाला. बरी सापडली, असं मनात आलं. मग श्रेयाकडे लक्ष गेलं. ती आमच्या भांडणात नव्हतीच. कपाटासमोर उभी राहून काचेतून पुस्तकांची नावं वाचत होती, जेवढी वाचून होतील तेवढी. मला माझीच शरम वाटली.

तुझ्या मशीनला विचार की पंधरा जुलै आणली कुठून. मला वाटतं मला ठाऊक आहे. तू तिला रिकामं पाठवू नको म्हणालास, तर बिचारीनं जवळ नसलेलं वाढलं. अरे, अण्णांनी कुणाला रिकामं पाठवलं नाही म्हणजे काय केलं? गूळ-पाणी दिलं. उत्तर ठाऊक नसलं तर मला ठाऊक नाही असं सरळ सांगायचे, पायात चप्पल घालायचे आणि त्या माणसाबरोबर कचेरीत जायचे. तू लहान होतास, तुला गूळ आठवतो. चप्पल मला आठवते, कारण ते येईपर्यंत जेवायला मी थांबायचे.

मीही आज वाचनालयाला कुलूप लावून त्या दोघींबरोबर गेले. वसतिगृहाच्या बाईंनी ऐकून घेतलं, पण जागा भरल्या आहेत. कुणी सोडली तर श्रेयाला मिळेल. पुंजारामला आत्ता काही सांगू नका म्हटलं आहे.

लोभ आहे. आज त्याला शब्द सुचत नाहीत.

विशाखाताई


करमाड
१० जुलै २०२५

आ. ताईस,
स. जयभीम वि. वि.

तुझा अंदाज खरा निघाला. मशीनकडे ह्या वर्षीची सूचना नव्हतीच. पारूबाईंनी विचारलं तसं मी विचारलं, तर मला तिनं वीस जुलै सांगितली, तितक्याच मायेनं, तुझ्या आवाजात. मला ते ऐकवेना. तुझं थांब, बघून सांगते हे मी कचरा म्हणून काढून टाकलं होतं, आणि तेच खरं कामाचं होतं.

मशीन बंद केलं आहे. बाया येतात, बंद पडद्यासमोर थोडा वेळ बसतात आणि जातात. नवऱ्याचं विचारणारी ती बाई काल येऊन परत गेली. मी काही विचारलं असतं तर तिनं मला सांगितलं नसतं. पारूबाईंच्या घरी गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं आणि आत निघून गेल्या.

तुझा आवाज आज काढून टाकतो. तू सांगितलंस तेव्हाच काढायला हवा होता.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझा
संघपाल


उस्मानपुरा
१७ जुलै २०२५

चि. संघपाल यास,
अ. आ. व सप्रेम जयभीम. वि. वि.

आवाज काढू नकोस, काढला असशील तर परत घाल.

दोन दिवस मी ह्यावर भांडले, माझ्याशीच. ती मान खाली घातलेली बाई डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या टेबलाशी ती कधी आली नसती. आली असती तर मी तिच्यापुढे कायद्याचं पुस्तक ठेवलं असतं आणि वाच म्हटलं असतं. तिला आधी कुणीतरी, तुमची चूक नाही बाई, असं म्हणायला हवं होतं. ते मशीननं म्हटलं. माझ्या गळ्यानं म्हटलं पण मी म्हटलं नव्हतं. ह्याचाच मला सगळ्यात जास्त मत्सर आहे, आणि तो बहुतेक राहील.

तेव्हा आवाज ठेव, पण फुकट नाही. उत्तर दिलं की त्याचा कागद पडद्यावर दिसला पाहिजे आणि ती ओळ ठळक दिसली पाहिजे. बाईनं मागितला तर छापून हातात द्यायचा. वाचता येवो न येवो, बोट ठेवायला जागा हवी. आणि कागद नसेल तर काय म्हणायचं ते मी पेन ड्राइव्हमध्ये घालून ह्या पत्राबरोबर पाठवते आहे. श्रेयानं तिच्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मला ठाऊक नाही, चप्पल घाला, आपण विचारून येऊ, एवढंच आहे. आजच्या घोगऱ्या आवाजात आहे. मधे मी खोकले आहे, ते कापायचं नाही.

श्रेया माझ्याकडे राहते आहे. वसतिगृहाचं कळेपर्यंत पोर विशाखाताईंच्या घरी राहील, असं पारूबाईंनी पुंजारामला ठणकावून सांगितलं. माझ्यावरचा त्यांचा राग गेलेला नाही, पण नात दिली. पोरगी दिवसभर वाचते आणि नळ उघडा ठेवून जाते. मी ओरडले तर म्हणते की करमाडची ताई रागावत नाही. मी म्हटलं, तिच्याकडे नळ नाही.

लोणचं संपलं. लोभ अजून आहे, पण बरणीची वाट पाहतो आहे.

तुझी
ताई


करमाड
१ ऑगस्ट २०२५

आ. ताईस,
स. जयभीम वि. वि.

बरणी पाठवली आहे, श्रेयाला पण दे. तू सांगितलंस तसं सगळं केलं. आता पडद्यावर कागद दिसतो, आणि बाया काचेवर बोट ठेवून बसतात. काच पुसून सोनिया वैतागली आहे.

काल पारूबाई आल्या. बंद झालेल्या पेन्शनचं विचारायला आल्या होत्या. आधी पिशवीतले कागद मांडीवर काढून ठेवले. मग बटण दाबलं. मशीननं शोधलं, काही सापडलं नाही, आणि तू बोललीस. घोगरी, खोकून. मला ठाऊक नाही, चप्पल घाला, आपण विचारून येऊ. बाकावरच्या सगळ्या बायांनी माना वर केल्या. पारूबाईंच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं हसू बघितलं. म्हणाल्या की ही खरी ताई.

मग त्या उठल्या, दाराशी जाऊन चप्पल घातली, पिशवी काखेत मारली आणि मशीनकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं काही विसरलं असेल. त्या उभ्याच. शेवटी मला म्हणाल्या, ताई येती म्हणली ना, मग का बसलीय?

ताई, मी शटर ओढलं आणि गेलो. तलाठ्याकडे गेलो, बँकेत गेलो. हयातीचा दाखला राहिला होता, तेवढंच होतं. परत येईपर्यंत दुपार झाली आणि माझं जेवण सोनियानं झाकून ठेवलं होतं. आज सकाळी केंद्र उघडलं तर तीन बाया चप्पल घालूनच बसल्या होत्या.

ह्या वाढलेल्या कामासाठी तुझा आशीर्वाद आणि जमलं तर एखादा गुरुवार मिळावा.

तुझा
संघपाल


उस्मानपुरा
४ ऑगस्ट २०२५

चि. संघपाल यास,
अ. आ. व सप्रेम जयभीम. वि. वि.

श्रेयाला वसतिगृहात जागा मिळाली. एका मुलीच्या वडिलांची बदली झाली. उद्या ती जाईल. आज सकाळपासून मी नळ तीनदा उघडा ठेवला.

गुरुवार दिला. वाचनालय त्या दिवशी दुपारनंतर उघडेन आणि सकाळी करमाडला येईन, तुझ्या चपला घातलेल्या बायांना घेऊन जायला.

तुझं पत्र इथं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, माझ्या आवाजात जितकं मोठ्यानं होतं तितकं. बाया पुढं सरकून बसल्या आणि पारूबाईंच्या प्रसंगाला पोट धरून हसल्या. पण त्या मशीनला जागचं उठता येत नाही, हे वाचून मला जे सुख झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

करमाडच्या ताईला माझा जयभीम सांग. तिच्यावरही लोभ धरायचा प्रयत्न चालू आहे. तिला म्हणावं, तू बसून बोल, मी निघाले.

तुझी
विशाखाताई